गोड्या पाण्याची होडी

आमची होडी समुद्रासाठी बांधलेली नव्हती. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, जिथे नदीचे पाणी बारा महिने गोडे असते, तिथे माणसांना या काठावरून त्या काठावर नेण्यासाठी ती बांधली होती. तिकडे अशा होडीला ‘तर’ म्हणत. तिचा तळ सपाट होता, खाली कणा नव्हता, शीड नव्हते, आणि दोन्ही टोके हुबेहूब सारखी होती. कारण तर वळत नाही, गेली तशीच उलटी परत येते. माझे वडील एका टोकाला उभे राहून लांब बांबूने नदीच्या तळाला रेटा देत आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक माणूस दुसरा बांबू रोवून तिला सरळ धरी. एकट्याने ती चालत नसे, जागच्या जागी फिरत राही. आसपासची गावे सुगीला भात घालत, त्यावर आमचे वर्ष निघे. त्याबदल्यात नियम एकच होता. पलीकडून कुणी ‘तर आण रेऽऽ’ अशी हाक दिली की जायचे. हाक कुणाची, कशासाठी, हे विचारायचे नाही. बाबा जेवणावरून उठून गेल्याचे मी पाहिले आहे. आई गेली त्या दिवशीही त्यांनी एक खेप केली, असे आत्या सांगे. मला ते आठवत नाही, म्हणून त्याची खात्री देत नाही.

मग नदीवर पूल झाला. पुलाबद्दल बाबांनी कधी वाईट शब्द काढला नाही. ते एकदा त्यावरून पलीकडपर्यंत चालत गेले, चालत परत आले आणि म्हणाले, “बरा हाय.” पुढे त्यांच्या विधवा बहिणीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, खाडीवरून निरोप आला की पोरीला घेऊन इकडेच या, घर रिकामे आहे. होडीत भांडी, पाटा-वरवंटा आणि दोन कोंबड्या घालून आम्ही दोघे प्रवाहाबरोबर खाली निघालो. वाटेत तहान लागली म्हणून मी ओंजळभर पाणी घेतले आणि थुंकून टाकले. बाबांनी बांबू थांबवला, स्वतः ओंजळ भरली, पाणी तोंडात धरले आणि गिळले. बऱ्याच वेळाने त्यांनी होडीच्या बाजूकडे बोट केले. नदीत पाणी फळीवर जिथवर येई तिथे एक काळी रेघ उमटली होती. ती आता पाण्याच्या वर दिसत होती. खारे पाणी होडीला जास्त उचलून धरते, एवढेच त्याचे कारण. “बघ शेवंते,” बाबा म्हणाले, “आपण हलके झालो.”

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. नदीवर तर बांधताना दोर आखूड ठेवतात, म्हणजे तिचे तोंड काठाला टेकून राहते आणि चढणाऱ्याचा पाय घसरत नाही. बाबांनी किनाऱ्यावरचा एक खुंट पाहिला आणि वीस वर्षांच्या सवयीने आखूड दोर बांधला. सकाळी कोळीवाडा गोळा झाला होता. आखूड दोराने होडीचे एक टोक खुंटाशी दाबून धरले होते, भरतीने दुसरे वर उचलले होते, आणि ती पाण्याने काठोकाठ भरली होती. एक कोंबडी तिच्यावर बसलेली होती. कोळीवाड्याचा पाटील धर्मा म्हणून होता, रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, “अरे पाव्हण्या, गायीला दावं बांधतात तसं बांधलंस काय? इथं पाणी वर येतंय!”

बाबांनी विचारले, “कुठून येतं?”

हा प्रश्न नंतर कित्येक महिने वाडीत फिरत होता. भात ओतू गेला, मूल रडले, पाहुणा आला, तरी कुणीतरी म्हणे, “कुठून येतं?” होडी मात्र त्याच लोकांनी उपसून दिली, आणि सपाट तळ उघडा पडल्यावर तिचे नावही ठेवले. काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. आम्ही बाहेर पडलो की पोरे ओरडत, “काठवट निघाली, भाकऱ्या थापा गोऽऽ!”

आत्याचे घर कोळीवाड्याच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांच्या मध्ये होते. त्यामुळे ते दोन्हीकडचे नव्हते. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे तिवराची झाडे आणि त्यापलीकडे चिखल. ओहोटी लागली की तो चिखल बारीक आवाज करी, भात शिजत आल्यावर करतो तसा, आणि हा आवाज सगळ्या घरात ऐकू येई, कारण घरात दुसरा आवाज नसे. आत्या कमी बोलणारी होती. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्यात चिरलेला पांढरा कांदा, थंडीत कडव्या वालाची आमटी. हे ती न चुकता, न चव घेता करी. मीठ नेहमी बरोबर असे. पिण्याचे पाणी दूरच्या विहिरीवरून आणावे लागे आणि तरीही ते किंचित मचूळ होते. बाबा रोज पहिला घोट घेऊन तांब्याकडे पाहत. आत्या म्हणे, “बघून गोडं होणाराय काय?” शेतकऱ्यांच्या मुली मला कोळ्यांची समजत आणि कोळ्यांच्या मुली ‘गोड्या पाण्याची’ म्हणत. दोन्हीकडच्या मुली वाईट नव्हत्या. त्यांचे खेळ आधीच ठरलेले होते, त्यात जागा नव्हती, एवढेच.

खाडी समुद्राला मिळते तिथे उथळ पाण्याचे एक मोठे आखात होते. भरतीला कमरेइतके पाणी, ओहोटीला मैलभर चिखल. कोळ्यांच्या होड्यांना खाली कणा असल्यामुळे त्या एका खोल वाटेने थेट बाहेरच्या समुद्रात जात. या उथळ भागाकडे त्या पाहतही नसत. आमची होडी वीतभर पाण्यात तरंगे. बाबांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखले. भरतीचे पहिले पाणी चिखलावर चढते तेव्हा त्याच्या काठाने बोईट मासे येतात, पाण्यापुढे पळत असल्यासारखे. बाबा पाग टाकायला शिकले. पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी लावलेले गोल जाळे. ते छत्रीसारखे उघडून पाण्यावर पडले पाहिजे. सुरुवातीला ते धोतर वाळत घालावे तसे पडे. पुढे नीट पडू लागले. ते एका टोकाला पाग घेऊन उभे राहत, मी दुसऱ्या टोकाला बांबू रोवून होडी स्थिर धरी. मी बोटभर जरी हलले तरी फेक चुके. बोईट फार कानाचा मासा आहे. होडीवर पाय वाजला तरी निघून जातो. म्हणून आम्ही बोलत नसू. डावीकडे जायचे तर बाबा डावा खांदा हलवीत. थांबायचे तर मान. असे आम्ही दोन हिवाळे काढले, सकाळपासून दुपारपर्यंत, समोरासमोर उभे राहून, एक शब्द न बोलता. आता त्या आखाताच्या काठाने डांबरी रस्ता झाला आहे आणि अलिबागहून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे तिथे सतत वाजतात. तिथे एवढी शांतता होती हे मी सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. किनाऱ्यावर मला कुणी नव्हते. त्या होडीत मला कुणाची गरज वाटत नसे.

दुसऱ्या हिवाळ्यात मला कावळा शिवला. आत्याने रीतीप्रमाणे पडवीत वेगळे बसवले, वेगळी थाळी दिली, आणि पडवी बाजूच्या वाटेवरून दिसत असल्यामुळे दुपारपर्यंत वाडीला कळले. चार दिवसांनी न्हाऊन मी पुन्हा होडीवर गेले. त्या आठवड्यात कोळ्यांच्या जाळ्यांना मासा कमी लागत होता. संध्याकाळी धर्मा पाटील आमच्या अंगणात आला. तो रागात नव्हता. त्याने आधी पाणी मागितले, प्याला, आणि म्हणाला, “तरीवाले, पोर आता शहाणी झालीय. तिला होडीवर घेऊ नका.”

“का?” बाबा म्हणाले.

“आमच्यात बाई होडीवर चढत न्हाय. बायका मासळी विकतात, जाळी विणतात, घर चालवतात, आम्हालाबी चालवतात. पर होडीवर पाय न्हाय. दर्या एकच हाय, तुमचा वेगळा न्हाय.”

बाबा उंबऱ्यावर बसले होते. नदी सोडल्यापासून मी त्यांना इतके बोलताना ऐकले नव्हते. “माझ्या तरीवर नवरी चढली, बाळंतीण चढली. मढं चढलं. गाभण म्हस चढली, तिनं मधी शेण टाकलं. तर बाटत न्हाय पाटील. तिच्यावर सगळ्यांचा पाय.”

“ती तर होती तवा,” धर्मा म्हणाला. “आता ती होडी हाय. जाळं टाकलं की होडी झाली. एक काय ते ठरवा. तर असंल तर पोर चढू दे, बायका चढू देत, म्हस चढू दे. होडी असंल तर पोर खाली.”

तो गेल्यावर आत्या चुलीपुढून म्हणाली, “बरोबर बोलला. पोरीच्या जातीनं आता घरात शिकावं.” दुसऱ्या दिवशी बाबा होडीपाशी गेले आणि तिच्या काठावर बसून राहिले. माझ्याशिवाय ती चालणार नव्हती आणि दुसरा माणूस त्यांना कुणी दिला नसता. मी थोड्या अंतरावर वाळूत बसले. कोळ्यांची भीती मला नव्हती. बाबा काय ठरवतील याची होती. होडीवरून मी उतरले तर मला त्या पडवीशिवाय दुसरी जागा नव्हती, हे मला चांगले कळत होते. असे काही दिवस गेले. बाबांनी पाग दुरुस्त केला, जो फाटलेला नव्हता.

आखाताच्या मध्यावर एक लांबट खडक होता, कालवांनी भरलेला. उधाणाच्या दिवसांत भरती खूप वर चढे तशी ओहोटीही खूप खाली जाई, तेव्हा कोळणी चिखल तुडवत तिथवर चालत जात, दगडाने कालवे फोडून पाट्या भरत आणि पाणी चढायच्या आत परत येत. खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा होता आणि भरतीचे पाणी आधी तिथे शिरे. बायकांना हे माहीत होते. त्या दिवशी त्यांच्यातल्या एका सुनेचा पाय कालवाच्या धारेने कापला, रक्त थांबवण्यात वेळ गेला, आणि समुद्रावरून वारा होता, त्याने पाणी नेहमीपेक्षा लवकर आणले. आम्ही किनाऱ्यावरून पाहिले तेव्हा पट्टा भरला होता आणि बायका खडकाच्या उंच टोकाशी एकत्र आल्या होत्या. कोळ्यांच्या होड्यांपैकी अर्ध्या समुद्रात होत्या. उरलेल्या किनाऱ्याच्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या, आणि त्यांच्याखाली पाणी यायला अजून बराच अवकाश होता. पुरुष चिखलात धावत होते आणि मांडीपर्यंत रुतत होते. धर्मा पाटील सर्वांच्या पुढे होता, कारण खडकावर त्याची आई पदीबाय होती.

पदीबायचा आवाज वाडीत प्रसिद्ध होता. बाजारात ती एका टोकाला भाव सांगे तो दुसऱ्या टोकाला ऐकू येई. वाऱ्यावरून तो आला. “ओऽऽ काठवटवाल्या! तर आण रेऽऽ!”

हाक पुरी व्हायच्या आत बाबा उठले होते. “शेवंते, बांबू घे,” एवढेच म्हणाले. आम्ही होडी चिखलावरून ढकलत वीतभर पाण्यात नेली आणि चढलो. चिखलातल्या पुरुषांजवळून आम्ही गेलो तेव्हा कुणी माझ्याकडे पाहिले नाही. बाबा नदीवर रेटत तसे रेटत होते, संपूर्ण अंग टाकून. मी होडी सरळ धरली. खडकाशी लाटा होत्या आणि होडी त्यांच्यासाठी नव्हती. तिचा तळ दोनदा जोराने आपटला. बाबा शांत होते. त्यांनी हात पुढे केला आणि, हे मी स्पष्ट ऐकले, ते म्हणाले, “या, एकेक या. मधी बसा. उभं ऱ्हायचं न्हाय.” नदीवर ते प्रत्येक खेपेला हेच म्हणत.

पहिल्या खेपेत पाय कापलेली सून आणि तरुण बायका आल्या. दुसऱ्या खेपेला पदीबाय आणि उरलेल्या म्हाताऱ्या. पाणी तेव्हा तिच्या गुडघ्यांवर होते आणि डोक्यावर कालवांची पाटी होती.

“पाटी टाक गो म्हातारे,” बाबा म्हणाले, “होडी जड होईल.”

“तू खाली उतर मग,” पदीबाय म्हणाली, “म्हंजे हलकी होईल.”

ती पाटीसकट चढली. बायका भिजून कुडकुडत होत्या आणि हसत होत्या. बाबाही हसले. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वाडी उभी होती. कुणीतरी आत्याकडून चुलीतली लाकडे आणून जाळ केला होता. आत्या स्वतः सुनेच्या पायावर हळद दाबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा पाटील नारळ घेऊन आला, मागे दहा-बारा माणसे. कोळी होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पूजा करतात. आमच्या होडीला नाळ कोणती हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना कुंकू लावले आणि नारळ मध्ये फोडला. धर्मा बाबांना म्हणाला, “तुमचं खरं झालं. ही तर हाय. सगळ्या वाडीच्या बायका हिच्यात बसल्या. आता पोर चढू दे, कोण बोलणार न्हाय. खडकावर बायकांना नेणं-आणणं तुमी करा. कालवांतला वाटा आन् सुगीला भात, वाडी देईल.”

“आन् जाळं?” बाबांनी विचारले.

धर्मा खरोखर गोंधळला. “तरीतून जाळं टाकतात व्हय?”

बाबांनी थोडा वेळ होडीकडे पाहिले. “न्हाय,” ते म्हणाले. “तरीतून न्हाय टाकत.” आणि त्यांनी नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी त्या वेळी खूश होते. मला होडीवर राहता येणार होते. वाद त्याचाच होता आणि तो आम्ही जिंकला होता, असा माझा समज होता. पुढच्या आयुष्यात लोकांच्या हकिकती तपासून घेण्याची सवय मला लागली. निकाल कुणाच्या बाजूने गेला हे त्याच दिवशी लिहू नये, एवढे मी त्यातून शिकले.

उधाणाच्या दिवसांत तर रोज जाऊ लागली. खडकावर कालवांना, पलीकडच्या वाडीत लग्नाला, कधी एखादे आजारी माणूस घेऊन. बाबा एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये बायका आणि त्यांच्या पाट्या. बायका सगळा वेळ बोलत. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कुणाच्या जाळ्याला काय लागले, आत्याच्या आमटीत मीठ किती बरोबर. आणि बाबा बोलत. नदीवरच्या गोष्टी सांगत. गाभण म्हशीची गोष्ट बायकांनी इतक्यांदा ऐकली की शेवट त्याच ओरडून सांगत. “आन् मग कुठून येतं म्हणालात, तरीवाले?” पदीबाय विचारी, आणि ते मान मागे टाकून हसत. त्यांचे दात मी किती दिवसांनी पाहत होते. त्यांना बोलायला आवडे. नदीच्या काठावर मी जन्मले, वाढले, तेव्हा त्यांची ही आवड मला माहीत असायला हवी होती. ते दोन हिवाळे मी ज्या शांततेत इतक्या सुखात होते ती त्यांनी माशांसाठी पाळली होती. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ मोठी आहे आणि त्यांना त्यासाठी कसलाही दोष देत नाही. चौदा वर्षांच्या मुलीशी बापाने दिवसभर काय बोलावे, हेही मला नीट सांगता येणार नाही.

बायकांच्या डोक्यांमधून ते मला अधूनमधून दिसत. डावीकडे जायचे झाले तर आता ते तोंडाने सांगत, “डावीकडं गोऽऽ,” आणि सगळ्या बायका माझ्याकडे वळून पाहत.

एकदा वारा जास्त होता. माझ्या हातातला बांबू चिखलात खोल रुतला आणि निघेना. पदीबाय जवळच बसली होती. ती उठली, माझ्या हातांवर हात ठेवून तिने तो एका हिसक्यात काढला आणि परत दिला नाही. “सोड गो बाय, मी धरते. हात बघ कसे झालेत. तू बस जरा आमच्यात.” तिने हे मायेने म्हटले. मी मध्ये बसले, पाट्यांच्या शेजारी. मला कुणीतरी भाजलेले वाल दिले. होडी सरळ चालली. पलीकडच्या टोकावरून बाबांनी पाहिले, कोण धरून आहे ते पाहिले, आणि ते म्हणाले, “जमतंय की पदीबाय! नदीवर जन्मली असतीस तर माझ्या पोटावर पाय आणला असतास.” बायका हसल्या. त्या खेपेनंतर पदीबायने तो बांबू मला दिला नाही आणि मी मागितला नाही. ती नसे तेव्हा दुसरी कुणी धरी. त्यावरून भांडणही होई, की आज मी धरणार.

दोन्ही बांबू आमच्या पडवीच्या आढ्याला टांगलेले असत. एक बाबा घेऊन जात, एक मी. पुढे एका सकाळी ते उतरवल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला. आत्याने चूल पेटवली होती. मी पडून राहिले आणि बाबांची हाक येते का याची वाट पाहत होते. बाबांनी दोन्ही बांबू एकाच खांद्यावर घेतले. अंगणातून जाताना त्यांची टोके एकमेकांवर वाजत होती, आणि तो आवाज तिवरांपर्यंत ऐकू येत राहिला.